दोन्हीकडचा माणूस कसा शोधायचा? : अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधला हायब्रिड सेफ्टी

आजचा विषय वाचून काहींनी भुवया उंचावल्या असतील. जन्मभर प्लेटो-ॲरिस्टॉटल शिकवलेल्या माणसानं अमेरिकन फुटबॉलवर कशाला बोलावं? उत्तर सोपं आहे. एका माणसानं एकच काम करावं की अनेक, हा प्रश्न प्लेटोनं ‘रिपब्लिक’मध्ये घेतला आणि निकाल एका कामाच्या बाजूनं दिला. ज्याचा जो स्वभाव, त्याचं ते काम. मग शहर नीट चालतं. आज दर शनिवारी अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या मैदानांवर हाच खटला पुन्हा चालतो. तुमच्यापैकी ज्यांची मुलं-नातवंडं तिकडे शिकतात त्यांनी तो पाहिलाही असेल, फक्त त्या नजरेनं पाहिला नसेल.

आधी खेळ थोडक्यात. हा आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. अकरा विरुद्ध अकरा. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. जाण्याचे मार्ग दोन: चेंडू घेऊन धावायचं, किंवा पुढे फेकून झेलायचा. आज मी जे काही सांगणार आहे ते सगळं या ‘किंवा’मधून निघतं. समोरच्या अकरा जणांना, म्हणजे बचाव करणाऱ्यांना, पुढच्या क्षणी धाव येणार की फेक, हे माहीत नसतं.

म्हणून बचावाचे तीन थर ठरले. पुढे सव्वाशे-दीडशे किलोचे लाइनमन. त्यांच्यामागे लाइनबॅकर, शंभर-एकशे दहा किलोचे, धाव अडवणारे. सगळ्यांत मागे हलके आणि वेगवान गडी. त्यात कडेला कॉर्नरबॅक, आणि मध्ये-मागे सेफ्टी. सेफ्टी म्हणजे शेवटचा राखणदार. तो चुकला की त्याच्यामागे फक्त मोकळं मैदान.

आता हायब्रिड सेफ्टी. अर्धा लाइनबॅकर, अर्धा सेफ्टी, आणि वेळ पडली तर कॉर्नरबॅकसुद्धा. ‘हायब्रिड’ शब्द आपल्या ज्येष्ठांना सांगायला नको. १९६०च्या दशकात हायब्रिड ज्वारी आली, कणसं भरली, उतारा वाढला, आणि घरोघरी ‘भाकरीला चव नाही’ अशी तक्रार झाली. हे उदाहरण जरा लक्षात ठेवा. उतारा कोणाच्या पदरात आणि चव कोणाची जाते, हा प्रश्न पुढे येणार आहे.

गंमत म्हणजे या जागेला एक नाव नाही. अलाबामाकडे ‘स्टार’, व्हर्जिनिया टेकमध्ये ‘रोव्हर’, मिशिगनमध्ये काही वर्षं ‘व्हायपर’, न्यू मेक्सिकोत ‘लोबो’ अशी नावं होती. ओक्लाहोमात तर रॉय विल्यम्स नावाचा खेळाडू ती जागा असा खेळला की जागेचंच नाव ‘रॉय’ पडलं. २००१ मध्ये टेक्ससविरुद्ध शेवटच्या मिनिटांत तो अडवायला आलेल्या गड्याच्या डोक्यावरून उडी मारून क्वार्टरबॅकच्या हातावर आदळला, चेंडू उडाला, आणि त्याच्या सहकाऱ्यानं झेलून गोलरेषा ओलांडली. सामना तिथंच संपला. ज्या वस्तूला गावोगाव वेगळं नाव असतं, ती बहुधा गरजेतून जन्मलेली असते.

ती गरज कुठून आली? थोडं मागे जावं लागेल. सुरुवातीच्या काळात तेच अकरा जण हल्लाही करत आणि बचावही. १९४१ मध्ये खेळाडू बदलण्याचे नियम सैल झाले. १९४५ मध्ये मिशिगनचे प्रशिक्षक फ्रिट्झ क्रायस्लर यांनी आर्मीच्या बलाढ्य संघासमोर हल्ल्याला एक तुकडी आणि बचावाला दुसरी असा प्रयोग केला. सामना ते हरले, कल्पना मात्र जिंकली. १९५३ मध्ये नियम पुन्हा आवळले, साठच्या दशकाच्या मध्यावर पुन्हा मोकळे झाले, आणि मग विशेषज्ञांचं राज्य आलं. धाव अडवणारा वेगळा, फेक अडवणारा वेगळा. प्लेटो खूश झाला असता.

पण विशेषज्ञांच्या राज्याला एक अट असते: योग्य माणूस योग्य वेळी आत पाठवता आला पाहिजे. हल्ला करणाऱ्या संघांनी नेमकं तेच बंद केलं. नियम असा की हल्ला करणाऱ्यांनी खेळाडू बदलला तर बचावालाही बदलायला वेळ द्यावा लागतो. त्यांनी बदललाच नाही तर? तर ते घोळका न करता लगेच रांगेत उभे राहून चेंडू चालू करू शकतात, आणि तुमचे जे अकरा आत आहेत ते आतच अडकतात. २००८ मध्ये कॉलेज फुटबॉलमध्ये चाळीस सेकंदांचं घड्याळ आलं, आधीचा खेळ संपल्या क्षणापासून मोजलं जाणारं. त्यानंतर ही घाई आणखी वाढली. धाव अडवायला आणलेला जाडजूड लाइनबॅकर आता मैदानाच्या मधोमध एका चपळ रिसीव्हरच्या मागे धापा टाकत पळताना दिसू लागला.

याशिवाय आणखी दोन गोष्टी आहेत, आणि त्या खास कॉलेजच्या खेळातल्या आहेत. पहिली म्हणजे मैदानावरच्या खुणा. मैदान १६० फूट रुंद. चेंडू कडेला गेला तर पुढचा खेळ आतल्या खुणेवरून सुरू होतो. व्यावसायिक खेळात या दोन खुणांमधलं अंतर साडेअठरा फूट आहे, म्हणजे चेंडू जवळजवळ मध्यावरच असतो. कॉलेजात ते चाळीस फूट आहे. चेंडू एका खुणेवर असला की एका बाजूला साठ फूट जागा आणि दुसऱ्या बाजूला शंभर. ती शंभर फुटांची मोकळी बाजू कोण राखणार? जड माणूस पोचत नाही, आणि हलका माणूस तिथं धाव आली की आडवा होतो.

दुसरी गोष्ट जास्त सूक्ष्म आहे, आणि तर्कशास्त्राच्या शिक्षकाला ती फार आवडते. फेक करायची असेल तर हल्ल्याच्या लाइनमननी चेंडू हातातून सुटेपर्यंत फार पुढे जायचं नसतं. व्यावसायिक खेळात ही सूट एक यार्डाची, कॉलेजात तीन यार्डांची. दोन यार्डांचा फरक, पण त्यावर एक अख्खी युक्ती उभी आहे. क्वार्टरबॅक चेंडू धावणाऱ्याच्या पोटाशी धरतो आणि बचावातल्या एकाच माणसाकडे बघतो. तो माणूस धाव अडवायला पुढे आला, तर चेंडू काढून त्याच्यामागच्या मोकळ्या जागेत फेकायचा. तो मागेच थांबला, तर चेंडू धावणाऱ्याला देऊन टाकायचा. लाइनमन तर धाव असल्यासारखेच पुढे रेटत असतात, त्यामुळे त्यांच्याकडे बघून काही कळत नाही.

ही शुद्ध उभयापत्ती आहे. पुढे आलास तर चुकलास, थांबलास तर चुकलास. इकडे आड, तिकडे विहीर. आम्ही वर्गात शिकवायचो की उभयापत्तीतून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे तिच्या दोन शिंगांच्या मधून निसटणं, म्हणजे दोनच पर्याय आहेत हेच मान्य न करणं. मैदानावर हे कोणाला जमतं? ज्याला निर्णय अर्धा सेकंद लांबवणं परवडतं त्याला. तो थांबतो, चेंडू कुठे जातो ते बघतो, आणि मग निघूनही वेळेवर पोचतो. पोचल्यावर शंभर किलोच्या धावणाऱ्याला पाडूही शकतो. लाइनबॅकर थांबला तर त्याला उशीर होतो. लहानखुरा कॉर्नरबॅक वेळेवर पोचतो, पण पोचून करणार काय?

माझं म्हणणं एवढंच आहे. हायब्रिड सेफ्टीची किंमत त्याला किती कामं येतात यात नाही, तो किती उशिरापर्यंत न ठरवता राहू शकतो यात आहे. क्रिकेटमधल्या अष्टपैलू खेळाडूशी त्याची तुलना करतात, ती इथंच फसते. अष्टपैलू खेळाडू सकाळी गोलंदाजी करतो, दुपारी फलंदाजी. या मुलाला दोन्ही कामं एकाच सेकंदात खांद्यावर घेऊन उभं राहायचं असतं. शिवाय असा एक गडी आत असला की तेच अकरा जण कधी धाव अडवणारी रचना दाखवतात, कधी फेक अडवणारी, आणि कोणालाही बदलावं लागत नाही. घाई करून पकडण्यासारखं समोर काही उरतच नाही.

मग असा मुलगा शोधायचा कसा?

शोध सुरू होतो सतरा वर्षांच्या मुलांपासून. त्या वयात शरीर पुरं झालेलं नसतं. नव्वद किलोचा, लांब हातांचा मुलगा दोन वर्षांत सत्त्याण्णवचा झाला तर उत्तम. एकशे सातचा झाला तर तो लाइनबॅकर होतो आणि वेग जातो. म्हणून प्रशिक्षक घरी गेले की आई-वडिलांची चणसुद्धा निरखतात. स्थळ बघायला गेल्यासारखंच ते. पण उंची-वजनावर फार रेंगाळू नये. ते सगळ्यांनाच दिसतं.

मुलगा शाळेत आणखी काय खेळतो, हे जास्त बोलतं. बास्केटबॉलमध्ये समोरच्याला अडवताना पावलं छोटी ठेवून मागे-बाजूला सरकावं लागतं, कंबर वळती ठेवावी लागते. आतल्या रिसीव्हरला अडवताना नेमकं तेच लागतं. धावण्या-उड्या मारण्याच्या स्पर्धांचा फायदा असा की तिथलं माप घड्याळाचं आणि फुटपट्टीचं असतं, कोणाच्या कौतुकाचं नसतं. आणि शाळेत क्वार्टरबॅक खेळलेला मुलगा असेल तर कान टवकारावेत, कारण त्यानं तीच उभयापत्ती दुसऱ्या बाजूनं पाहिलेली असते. टेक्सस क्रिश्चन विद्यापीठाचे गॅरी पॅटरसन यांनी तर शाळेत चेंडू घेऊन धावणारी मुलं आणून त्यांना बचावाला लावण्यात हयात घालवली. त्यांची रचना ४-२-५, म्हणजे मागे पाच, आणि त्यात तीन सेफ्टी. मोठ्या विद्यापीठांच्या यादीत न बसलेली पोरं घेऊन २०१० चा हंगाम त्यांनी एकही सामना न हरता पूर्ण केला आणि रोझ बोलमध्ये विस्कॉन्सिनला २१-१९ असं हरवलं. न्यू मेक्सिकोच्या रॉकी लाँग यांनी ब्रायन अर्लॅकरला ‘लोबो’ केलं, तोही मोठ्यांच्या नजरेतून सुटलेलाच मुलगा. पुढे शिकागोकडून मधला लाइनबॅकर म्हणून खेळून तो २०१८ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.

आता चित्रफितीबद्दल. मुलं आपल्या करामतींची छोटी फीत पाठवतात. ती लग्नाच्या अल्बमसारखी असते, त्यात सगळे हसतच असतात. पूर्ण सामन्याची फीत मागवावी आणि त्यातले असे प्रसंग बघावेत, जिथं चेंडू त्याच्याकडे आलाच नाही. त्याचं पहिलं पाऊल कुठे पडलं? धाव असल्याचं सोंग झालं तेव्हा तो किती पावलं फसला? फसणार तर सगळेच. फसल्यावर डोकं आधी वळलं की पाय? मोकळ्या जागेत धावणाऱ्याला पाडताना तो जोरात जाऊन शेवटी पावलं आवरतो, की तसाच आदळायला जातो आणि हवेला मिठी मारतो? टाइट एंडसारखा दांडगा गडी अंगावर आला तर हातांनी त्याला दूर ठेवून सुटतो, की वळसा घालून पळतो? वळसा घालणारा मुलगा कितीही वेगवान असला तरी या जागेचा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. वळसा घालताना जी वाट सोडली, तिथूनच धाव निघते.

आणि शेवटी त्याला फळ्यासमोर उभं करावं. तुझं काम सांग, असं विचारू नये. बाकीचे दहा जण काय करत होते, ते विचारावं. ॲरिस्टॉटल ज्याला व्यवहारज्ञान म्हणतो ते नियम पाठ असण्यात नसतं, समोरची एकेक परिस्थिती नेमकी ओळखण्यात असतं. ते चाळीस यार्डांच्या शर्यतीत मोजता येत नाही. नोत्र दामचा काइल हॅमिल्टन २०२२ च्या चाचणीत ही शर्यत ४.५९ सेकंदांत धावला. सेफ्टीच्या मानानं ती वेळ संथ ठरली, चर्चा झाली, आणि तो चौदाव्या क्रमांकापर्यंत खाली गेला. बाल्टिमोरनं त्याला घेतलं आणि पुढच्याच वर्षी तो देशातल्या सर्वोत्तम सेफ्टींमध्ये निवडला गेला.

आता ज्वारीच्या चवीकडे येतो. ॲरिस्टॉटल ‘पॉलिटिक्स’च्या सुरुवातीलाच डेल्फीच्या सुरीचा उल्लेख करतो. लोहारांनी काटकसरीनं बनवलेली, अनेक कामांची सुरी. निसर्ग असा कंजूषपणा करत नाही, तो एका कामाला एक वस्तू घडवतो, असं त्याचं म्हणणं. मला इथं आपली विळी आठवते. पात्यानं चिरायचं, टोकाच्या खवणीनं नारळ खवायचा. ती दोन्ही कामं नीट करते, कारण पातं पुरतं पातं आहे आणि खवणी पुरती खवणी. निम्मं पातं आणि निम्मी खवणी केली असती तर कोणी घरात ठेवली नसती.

मुलांच्या बाबतीत नेमकं हेच राहून जातं. हंगामात विद्यार्थी-खेळाडूला सरावासाठी आठवड्याला वीस तासांची मर्यादा आहे. लाइनबॅकरांची बैठक एका खोलीत, सेफ्टींची दुसऱ्या खोलीत, प्रशिक्षक वेगळे. दोन्हीकडचा मुलगा कुठे बसतो? त्याचे समवयस्क एकाच कामाला सगळे तास देतात, आणि हा तेच तास दोन-तीन वाटण्यांत खर्च करतो. संघाला शनिवारी उतारा मिळतो. चार हंगाम संपले की तो मुलगा बाहेर पडतो, आणि समोरचा विचारतो: तू नक्की कोण?

क्लेमसनच्या आयझाया सिमन्सला २०१९ मध्ये देशातला सर्वोत्तम लाइनबॅकर म्हणून बटकस पुरस्कार मिळाला. त्या हंगामात तो सेफ्टी, लाइनबॅकर, आतला कॉर्नरबॅक असं सगळं खेळला होता. २०२० मध्ये ॲरिझोनानं त्याला आठव्या क्रमांकावर घेतलं. तिथं त्याची जागा ठरता ठरेना. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याला न्यूयॉर्कला देऊन टाकलं, तेही सातव्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात. ती शेवटची फेरी असते. अलाबामाचा मिंका फिट्झपॅट्रिक मायामीकडे गेला, तिथं त्याला या जागेवरून त्या जागेवर फिरवलं गेलं, आणि त्यानं स्वतःहून बदली मागितली. सप्टेंबर २०१९ मध्ये पिट्सबर्गनं त्याला एका जागी, मागे मध्ये, उभं केलं. त्याच हंगामात तो सर्वोत्तम अकरांत आला. दोघेही बहुगुणी. एकाला घर मिळालं, एकाला नाही.

कधी तर जागाच नाहीशी होते. मिशिगनमध्ये डॉन ब्राउन यांनी ‘व्हायपर’ ही जागा आणली. २०१६ मध्ये जॅब्रिल पेपर्स ती असा खेळला की त्या वर्षी बिग टेनमधला सर्वोत्तम बचावपटू आणि सर्वोत्तम लाइनबॅकर, दोन्ही मान त्यालाच मिळाले. २०२१ मध्ये बचावाचा प्रशिक्षक बदलला, रचना बदलली, आणि ‘व्हायपर’ गेला. ती जागा शिकायला आलेल्या मुलांनी मग काय करायचं? आता २०१८ पासूनच्या व्यवस्थेत विद्यापीठ बदलणं सोपं झालंय खरं, पण नव्या ठिकाणी तुमच्या नावाची जागा असेलच असं नाही.

म्हणून मला वाटतं, पहिल्या वर्षी अशा मुलाला एकच काम द्यावं, आणि शक्यतो सेफ्टीचं. मागून खेळ पाहायची सवय लागली की पुढे यायला शिकवता येतं. पुढे खेळलेल्याला मागे नेणं अवघड जातं. पहिलं काम अंगवळणी पडलं, न आठवता होऊ लागलं, की दुसरं. हे शनिवारच्या निकालाला परवडत नाही, असं प्रशिक्षक म्हणतील. त्यांचंही खरं आहे. त्यांची नोकरी शनिवारवरच असते.

शेवटी एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली आहे: ‘सर, दोन सारखेच मुलगे असतील तर तुम्ही कोणाला निवडाल?’ मी दोघांच्याही हरलेल्या सामन्याची फीत मागवीन. शेवटचा क्वार्टर, संघ तीस गुणांनी मागे, प्रेक्षक उठून चाललेत. त्या वेळीही चेंडू सुरू होण्याआधी जो हात हलवून शेजाऱ्याला दोन पावलं डावीकडे सरकवत असेल, त्याच्या घरी जाईन. आणि त्याच्या आई-वडिलांना सगळ्यांत आधी हे सांगेन, की तुमचा मुलगा आमच्याकडे कोणत्या खोलीत बसेल.